शेवटच्या दोन मिनिटांचं गाणं

पत्र थोडक्यात : हे वाचक नाशिकच्या सिडकोत राहतात. वय ५१, अंबडच्या एका कंपनीत नोकरी, घरी पत्नी आणि बारावीतली मुलगी. कॉलेजपासूनच्या पाच मित्रांचा त्यांचा कट्टा आहे आणि १९९६ पासून त्या कट्ट्याचा एक नेम आहे. ३१ डिसेंबरला कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं आणि प्रत्येकानं सरत्या वर्षातली आपली आवडती दहा नवी गाणी आणायची. आधी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह, आता लिंक. बाकीच्या चौघांनी नवी गाणी आणणं कधीच सोडलं, हे एकटे आणत राहिले. यंदाची त्यांची तिसावी यादी. ती बघून एक मित्र म्हणाला, "पंच्याण्णवनंतर गाणं मेलं रे. तू कशाला मढ्याला पावडर लावतोस? आणि या वयात 'शेकी' शोभतं का?" यादी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवली, तर मुलगी भडकली, "बाबा, यातली सहा गाणी माझी आहेत. ढापलीत तुम्ही." दोन दिवस बोलली नाही. त्यात गाण्याच्या अ‍ॅपनं वर्षाचा हिशेब दाखवताना त्यांचं 'ऐकण्याचं वय' ६८ काढलं आणि पहिल्या क्रमांकावर एक जुनी भूपाळी दाखवली. ते विचारतात, "मला नवी गाणी खरंच आवडतात, की तरुण दिसायची हौस आहे? यादी बंद करू का?"

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दहाही गाण्यांची नावं त्यात आहेत. 'सैयारा' पहिलं का आणि 'गोल्डन' चौथं का, यावर अर्धं पान खर्ची पडलंय. पण एखादं गाणं आवडलं म्हणजे तुमचं नेमकं काय झालं, हे कुठेच नाही. अपवाद एकच. पाचव्या क्रमांकावरच्या 'शेकी'पुढे तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, "हे पहिल्यांदा बेंजोवर ऐकलं. वाकडी बारवेजवळ. पाऊस होता."

तीन पानांत मला ही ओळ सगळ्यात जास्त पटली. तिच्यापासूनच सुरुवात करते.

'शेकी' आलं २०२५ च्या एप्रिलमध्ये. जळगावकडच्या संजू राठोडचं. आदल्या वर्षी त्याच्याच 'गुलाबी साडी'नं लग्नाच्या हॉलांमध्ये धुमाकूळ घातला होता, त्यामुळे पुढच्या गाण्याची वाट बघणारे पुष्कळ होते. तुमच्या मुलीला ते एप्रिलातच भेटलं असणार, मोबाइलच्या पडद्यावर, पंधरा-वीस सेकंदांच्या तुकड्यात, ठरलेल्या स्टेपसकट. तुम्हाला भेटलं सप्टेंबरात. विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघून मेनरोडला लागेपर्यंत किती वेळ जातो ते नाशिककराला सांगायला नको, तासभर एका जागी उभं राहायची तयारी ठेवूनच आपण जातो. त्या तासात मागच्या मंडळाचा बेंजो एकच गाणं सात-आठ वेळा वाजवतो. बेंजोवाल्याला शब्दांशी देणंघेणं नसतं. तो चाल उचलतो, जरा पळवतो, मुखड्याच्या शेवटी ताशाला जागा सोडतो आणि ताशेवाला ती जागा अशी भरतो की समोरच्या म्हाताऱ्या आजींचाही पाय हलतो. तुम्हाला चाल आधी आली, शब्द नंतर कळले. मग तुमच्या मुलीनं एप्रिलात ऐकलेलं आणि तुम्ही सप्टेंबरात भिजत ऐकलेलं, हे एकच गाणं आहे का? मला तरी ती दोन वाटतात. म्हणजे सहांपैकी निदान एका गाण्यापुरते तुम्ही आरोपातून सुटलात.

उरलेल्या पाचांकडे येते. पण ढापण्याचा आरोप तुम्ही फार मुकाट्यानं मान्य केलाय, तेवढं आधी बघू. स्वतः शोधून काढलेली ती खरी आवड आणि दुसऱ्याकडून आलेली ती उसनी, असं तुम्ही धरून चाललाय. असं कधी असतं का हो?

१९८४-८५ सालची गोष्ट. मी नुकती नोकरीला लागले होते. रविवार कारंजापासून थोडं आत कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. वहीच्या पानावर गाण्यांची नावं लिहून द्यायची, सोबत साठची कोरी कॅसेट द्यायची आणि आठवड्यानं भरलेली न्यायची. साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. मी घरी बसून कुठलं गाणं किती मिनिटांचं याचा अंदाज बांधून सहा-सहाचे दोन गट पाडायचे. तो हिशेब एकदाही जमला नाही. बी बाजूच्या शेवटी दोन-अडीच मिनिटांची टेप उरायचीच. दुकानदार जुन्या वळणाचा, टेप कोरी सोडणं त्याच्या जिवावर यायचं. तिथे तो आपल्या मनानं काहीतरी भरायचा. कधी अर्धं गाणं, कधी नुसती सतारीची धून. कव्हरवर त्याचं नाव लिहायचा नाही, कारण ते मी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचे पैसेही तो लावायचा नाही. एकदा त्यानं तिथे एका नव्या मराठी गाण्याचा मुखडा आणि पहिलं कडवं भरलं. कडवं संपता संपता टेप खटकन थांबायची. मी सांगितलेली बारा गाणी आज मला धड आठवत नाहीत. ते तुटकं गाणं मात्र मेथी निवडताना अजून तोंडात येतं आणि टेप जिथे संपली होती तिथेच थांबतं. पुढे ते पूर्ण मिळालं, पण त्याच्या दुसऱ्या कडव्याशी माझं काही जमलं नाही.

ते मी शोधलं नव्हतं, मागितलंही नव्हतं. शेजारच्या खिडकीतून, एसटीतल्या ड्रायव्हरच्या टेपवरून, मंडळाच्या कर्ण्यातून आपल्यापर्यंत गाणी येतात ती अशीच. तुमच्या मुलीची ती सहा तरी तिला कुणी दिली? काही मैत्रिणींनी, काही त्या अ‍ॅपनं. गाणं मुळात हातउसनंच फिरतं. तेव्हा तुम्ही तिचं गाणं घेतलं नाहीत. तिचं दुसरं काहीतरी घेतलंत, त्याकडे मी येणार आहे.

आधी ते ६८ उरकून टाकू. तुम्ही त्यानं इतके हिरमुसलात की मला हसू आलं, माफ करा. हे वय कसं काढतात ते कळलं की डोक्यातून जाईल. तुमच्या वयाच्या इतर लोकांपेक्षा कुठल्या पाच वर्षांतली गाणी तुमच्या खात्यावर जास्त वाजली, ते यंत्र बघतं. मग असं धरतं की ती गाणी निघाली तेव्हा ऐकणारा सोळा ते एकवीस वर्षांचा असणार, आणि तिथून आजचं वय मोजतं. ६८ आलं म्हणजे सत्तरच्या दशकातली गाणी तुमच्याकडे भरपूर वाजली. ती वाजवली कुणी? तुम्हीच लिहिलंय की स्वयंपाकघरातला स्पीकर तुमच्या खात्यावर चालतो आणि पहाटे साडेपाचला, तुम्ही फर्स्ट शिफ्टच्या बससाठी निघायच्या आधी, तुमच्या पत्नी त्यावर भूपाळी लावतात. मग पोळ्या होईपर्यंत जुनी हिंदी गाणी. वर्षाला तीनशे सकाळी धरा. यंत्रानं तुमचं वय काढलेलंच नाही, तुमच्या स्वयंपाकघराचं काढलंय.

आणि जे सगळ्यात जास्त वाजलं ते सगळ्यात आवडतं, हा नियम तरी कुणी केला? रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी गाण्यांना पायदानं द्यायचे ती तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची मतं बघून, आणि वर्षअखेरीला वार्षिक यादी लागायची. बुधवारी रात्री आठला माझे वडील मेनरोडवरच्या एका हॉटेलापुढे अर्धा चहा घेऊन उभे असायचे, कारण तेव्हा घरी रेडिओ नव्हता. वार्षिक यादी ऐकून आले की ते डायरीत आपली वेगळी यादी लिहायचे आणि सयानींचं सरताज गीत आपल्याकडे सातव्या पायदानावर ढकलायचे. खूप वाजलेलं आणि मला आवडलेलं यात त्यांची कधी गल्लत झाली नाही. आपली होते, कारण अ‍ॅप हिशेब मांडतं तो 'तुमचं वर्ष' असं म्हणून मांडतं.

आता मित्र. 'पंच्याण्णवनंतर गाणं मेलं.' तुम्ही पाचही जण १९७४ च्या आसपासचे. सोळा ते एकवीस म्हणजे १९९० ते १९९५. गाणं अगदी तुमच्या टी.वाय.ची परीक्षा आटपायची वाट बघून मेलं म्हणायचं! माझ्या थोरल्या भावाच्या मते ते १९७९ ला गेलं, त्याचा जन्म १९५८ चा. आई तर सांगायची की ५७ सालानंतर ऐकण्यासारखं काही उरलंच नाही, ती १९३६ ची. प्रत्येकाच्या पंचांगात गाण्याची पुण्यतिथी वेगळी, वय मात्र एकवीसच. त्या वयातल्या आठवणी पुढेमागच्यांपेक्षा जास्त घट्ट बसतात हे मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी अनेकदा तपासून पाहिलंय. पहिली सायकल, पहिला पगार, पहिलं कुणीतरी, आणि त्या सगळ्याच्या मागे वाजणारी गाणी. तुमच्या मित्राला ती गाणी आवडतात हे खरंच आहे. बाकीची मेली, हा त्यानं त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

तो आक्षेपही काही नवा नाही. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बा. वि. केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. सिनेमातली गाणी सवंग, पाश्चात्त्य चालींची नक्कल करणारी, असं त्यांचं मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय करावं? रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. गीतमाला फोफावली ती याच सुमाराला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारनं विविध भारती सुरू केली आणि सिनेसंगीत मागच्या दारानं परत आलं. म्हणजे बघा, आज ज्याला सगळे डोळे मिटून सुवर्णकाळ म्हणतात, त्याच काळातल्या गाण्यांना सरकारी रेडिओवर जागा नव्हती. माझी आई ज्या गाण्यांनंतर 'काही उरलं नाही' म्हणायची, ती गाणी तिनं सिलोनवर ऐकली होती, आजोबांपासून लपून.

त्या काळी भंगार गाणी नव्हती असंही नाही. होती, ढिगानं होती, पण ती चाळणीतून केव्हाच खाली पडली. यंदाचं धान्य अजून खड्यांसकट ताटात आहे, ते निवडायला वेळ लागतो. गाणी हल्ली तोकडी झाली ही तक्रारही ऐकते. तर लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची.

तुमच्या मित्राचं सगळंच खोटं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बऱ्याच नव्या गाण्यांत मुखडा जीव ओतून केलेला असतो आणि अंतरा पाहुण्यांना उरलेलं वाढल्यासारखा. अनेक अ‍ॅपवर तीस सेकंद वाजलं की 'एकदा ऐकलं' असं धरतात, तेव्हा करणाऱ्यांची सगळी शक्ती त्या तीस सेकंदांत जाते आणि ते ऐकू येतं. जुन्या गाण्यांची मोडतोड करून पुन्हा विकणं तर मला अजिबात सहन होत नाही. हे त्याच्याशी गच्चीवर भांडण्यासारखे मुद्दे आहेत. 'मेलं' म्हटल्यावर भांडायला काही उरतच नाही.

'शोभतं का' याला उत्तर देण्यात मी फार शाई घालवणार नाही. आपल्याकडचे सत्तरीतले भजनी बुवा गाजलेल्या सिनेगीताची चाल बेधडक अभंगाला लावतात, आणि टाळकरी मान डोलावतात. वामनदादा कर्डक याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांच्यामागे भीमगीतांची जी परंपरा चालू आहे तिच्यात दर १४ एप्रिलला नवी गाणी येतात आणि वस्तीतल्या आज्यांना ती नातवंडांबरोबरच पाठ होतात. तिथे कुणी जन्मतारीख विचारत नाही. तुमचा मित्र विचारतो, कारण त्याला पाहिजे तो सोबती तुम्ही उरला नाहीत. जुन्या गाण्यांत रमायला त्याला पाचवा लागतो.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न. आवड की हौस?

थोडी हौस आहे. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. तुमच्याच पत्रात पुरावा आहे. गच्चीवरच्या यादीत आठव्या क्रमांकावर एका अभंगाचं यंदाचं नवं ध्वनिमुद्रण होतं. स्टेटसला यादी टाकताना ते गाळलंत आणि त्या जागी एक इंग्रजी गाणं घातलंत, 'लोक म्हातारा म्हणतील' म्हणून. ते इंग्रजी गाणं तुम्ही किती वेळा ऐकलंत? लिहिलेलं नाही. अभंगाबद्दल मात्र लिहिलंय की रात्रपाळीहून येताना ऐकलं आणि घर आलं तरी पायरीवर बसून संपवलं. अहो, आवड यालाच म्हणतात! आणि नेमकी तीच लपवलीत. दहातली सहा मुलीकडून आली यात मला काही गैर वाटत नाही. मनापासूनचं एक काढून शोभेचं एक ठेवलं, ते खटकलं.

तेव्हा दहाही गाणी एकदा तपासून घ्या, पण घरी नको आणि कट्ट्यावर नको. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, सगळे पेंगलेत, कुणी बघत नाहीये, अशा वेळी बोट आपोआप कुठल्या गाण्यावर जातं ते आठ दिवस बघा. माझा अंदाज, दहातली चार-पाच टिकतील. मग चारच पाठवा. दहाचा आकडा १९९६ साली तुम्हीच ठरवलाय. भाचीनं दिवाळीत फराळाच्या ताटापुढे उभं राहून मनच्या इंग्रजीत म्हटलेलं 'गोल्डन' टिकेल असं मला वाटतं. ज्या कोरियन पॉपच्या सिनेमातलं ते आहे तो तुम्ही पाहिलेलाही नाही, पण तुमच्या गाण्यात ती भाची आहे, तोंडात अर्धी करंजी.

'सैयारा' टिकेल की नाही याची मला शंका आहे, आणि ती शंका जरा नाजूक आहे.

तो सिनेमा जुलैत आला. फहीम अब्दुल्ला या काश्मिरी गायकाच्या आवाजातलं ते शीर्षकगीत त्यानंतर महिनाभर पोरांच्या कानातून निघालं नाही. तुम्ही लिहिता, "मैत्रिणींबरोबर बघून आली आणि दोन तास खोलीबाहेर आली नाही. आतून तेच गाणं." मग रात्री हॉलमध्ये बसून तुम्ही ते इयरफोन लावून ऐकलंत. मग रोज. वर्षअखेरीला ते पहिलं आलं. मला वाटतं, तुम्ही ते गाणं ऐकत नव्हतात, दाराला कान लावून बसला होतात. हे मी दोष म्हणून सांगत नाही. बारावीतल्या मुलीच्या बापानं दार ठोठावण्याऐवजी गाणं ऐकलं, यापेक्षा समजूतदार काय करायचं असतं? पण माणूस असं ऐकतो ते आतलं काहीतरी कळावं म्हणून. त्याला पहिला क्रमांक देऊन ते जगजाहीर केलंत, तिथे तिचं बिनसलं. तुमचं स्टेटस तिचे मामा बघतात, क्लासचे सर बघतात, मैत्रिणींच्या आया बघतात. तिच्या बंद खोलीत वाजलेलं गाणं तुम्ही चारचौघांत मांडलंत. 'ढापलीत' या शब्दाचा अर्थ मी असा लावते. सतराव्या वर्षी हे एवढं नीट सांगता येत नाही, म्हणून हाताशी आला तो शब्द तिनं फेकला.

तेव्हा माफी मागायची ती स्टेटसबद्दल, ऐकण्याबद्दल नाही. "न विचारता टाकलं, चुकलं" एवढं एक वाक्य. लगेच 'पण' लावून पुढे बोलू नका. गाण्यांबद्दल आत्ता काही विचारूही नका, फेब्रुवारीत तिची बोर्डाची परीक्षा आहे. आणि तिनं उद्या आपणहून एखादं गाणं ऐकवलं, तर संपेपर्यंत गप्प बसा. अमक्याची चाल उचललीये, हे तुम्हाला पहिल्या दहा सेकंदांत कळणार आहे. गिळून टाका.

यादी बंद करू नका. करायची रीत मात्र बदला, आणि हे तुमच्यासारखी वार्षिक यादी करणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, कारण अशी बरीच मंडळी मला भेटतात. २८ डिसेंबरला बसून अ‍ॅपवरच्या गाजलेल्या गाण्यांतून दहा उचलली की ती यादी परगावच्या माणसानं केल्यासारखी दिसते. त्यापेक्षा एक छोटी वही ठेवा. महिन्याला एकच गाणं लिहायचं, सोबत कुठे ऐकलं आणि कुणाकडून आलं. महिना कोरा गेला तर कोरा. मुलीकडून आलं तर तिचं नाव लिहायचं. नाव लिहिलं की ढापलं राहत नाही.

नव्या गाण्याला पहिल्याच ऐकण्यात नापास करू नका. पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट माणसाला आवडू लागते, हे १९६८ पासून मानसशास्त्राच्या पुस्तकांत आहे. पण त्याला सीमा आहे, लग्नसराईत एकच गाणं पंधरा वरातींत ऐकणाऱ्या माणसाला विचारा. म्हणून मी काय करते, गणपती-नवरात्रात कानावर आदळलेलं गाणं बाजूला ठेवते आणि मार्गशीर्षात, सगळं शांत झाल्यावर, घरात एकटी असताना लावते. बहुतेकांचा तेव्हा निकाल लागतो. एखादं मात्र असं उभं राहतं की आपण मिरवणुकीत त्याला नीट बघितलंच नव्हतं.

स्वयंपाकघराच्या स्पीकरला वेगळं खातं करून द्या, म्हणजे पुढच्या वर्षी तुमचं वय पन्नाशीत येईल. आणि तीस वर्षांत तुमच्या पत्नीला कुणी विचारलं का हो, यंदा तुला काय आवडलं म्हणून? गच्चीवर पाच पुरुष गाणी ऐकतात आणि खालून भज्यांची ताटं वर येतात, असं चित्र मला तुमच्या पत्रात दिसलं. चुकलं असेल तर कळवा.

कट्ट्यावरच्या चौघांसाठी नियम थोडा सैल करा. नवं म्हणजे याच वर्षी निघालेलं, हा तुमचा नेम तुम्ही पाळा, चांगला आहे. त्यांना म्हणा, गाणं कुठल्याही सालचं आणा, फक्त ते तुम्ही यंदा पहिल्यांदा ऐकलेलं असलं पाहिजे. 'मेलं' म्हणणाऱ्या मित्राला यातून पळवाट नाही. त्याच्या लाडक्या १९९० ते ९५ मधलंही त्याच्या कानावरून निसटलेलं एखादं गाणं असेलच, ते त्यानं शोधून आणावं.

शेवटचं. पुढच्या डिसेंबरात नऊच गाणी लिहा आणि दहावी जागा कोरी सोडा, त्या कॅसेटवाल्यासारख्या कुणासाठी तरी. वही मुलीच्या हातात द्या, ती तोवर पुण्यामुंबईला कुठे शिकायला गेली असेल तर फोन करा, आणि म्हणा, एक तू भर, का ते सांगू नकोस. तिनं काय भरलं यावर मात्र काही बोलायचं नाही, ते गाणं तुमच्या स्वयंपाकघरातली भूपाळी निघालं तरीही. सतरा वर्षं पहाटे साडेपाचला ती तिच्याही कानावर पडते आहे.